फाजील विश्वासाचा हिशोब

गेल्या गणेशोत्सवात आमच्या भिलाईतील मराठी मंडळींनी एका वक्त्यांस व्याख्यानासाठी पाचारण केले होते. तरुणांस उपयोगी पडावा म्हणून ‘आत्मविश्वास’ हा विषय ठेवला होता. वक्ते अनुभवी होते, वाणी ओघवती होती, आणि सभागृह मागील भिंतीपर्यंत भरले होते. व्याख्यानाच्या अखेरीस एका मुलाने उभे राहून विचारले, “आत्मविश्वास आणि अतिआत्मविश्वास यांत फरक कसा ओळखायचा?” वक्ते हसले आणि म्हणाले, “अतिआत्मविश्वास नावाची वस्तूच जगात नाही. जिंकला त्याचा आत्मविश्वास, हरला त्याचा अतिआत्मविश्वास. तुम्ही जिंका, म्हणजे नावाची चिंता उरणार नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत आमच्याही टाळ्या होत्या, हे आम्ही लपवीत नाही.

स्मृति नगरातील आमच्या घराकडे परतताना मात्र त्या टाळ्या आम्हांस बोचू लागल्या. उत्तर चटकदार होते, आणि अर्धे खरेही होते. परंतु अर्धे खरे उत्तर हे संपूर्ण खोट्या उत्तराहून अधिक घातक असते, कारण त्याचा खरा अर्धा भाग खोट्या अर्ध्या भागास जामीन राहतो. म्हणून हा लेखनप्रपंच. वक्त्यांशी आमचे वैर नाही; वैर आहे ते त्या मताशी. हे मत आज केवळ व्यासपीठावर नाही. ते शिकवणीवर्गांच्या फलकांवर आहे, कचेरीतील प्रशिक्षणात आहे आणि आपल्या दिवाणखान्यातही आहे. भिलाई हे एके काळी केवळ पोलादाचे गाव होते. आता ते परीक्षांचेही गाव झाले आहे. येथील सतरा वर्षांच्या मुलास ‘निकालच काय ते ठरवील’ असे सांगणे म्हणजे, उत्तीर्ण झाल्यास काही शिकू नकोस आणि अनुत्तीर्ण झाल्यास केवळ लाज बाळग, असे सांगणे होय.

प्रथम वक्त्यांच्या पदरी जेवढे सत्य आहे तेवढे आम्ही मोकळेपणाने घालतो. निकाल पाहून नाव ठेवण्याची खोड आपणां मराठी माणसांस फार जुनी आहे. सदाशिवरावभाऊंचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे इब्राहीमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर त्यांनी निजामास नमविले, तेव्हा तो पराक्रम ठरला. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, तेच भाऊ, तोच इब्राहीमखान आणि त्याच तोफा पानिपतावर हरल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण म्हणत आलो की भाऊंस फाजील आत्मविश्वास नडला. त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ १९६१ साली मराठीत आला. सगळे खापर भाऊंच्या माथी फोडण्याच्या या प्रथेस त्यांनी कडाडून विरोध केला. तरीही घरोघरचे पानिपत काही बदलले नाही. लढाईच्या दिवशी जे लढले ते अन्नावाचून तळमळणाऱ्या छावणीतून, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे या निश्चयाने बाहेर पडलेले लोक होते. त्या दिवसास फाजील विश्वासाचा दिवस म्हणणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय कृतघ्नपणाही आहे. येथवर वक्ते आणि आम्ही एकमत आहोत.

परंतु म्हणून पानिपतात फाजील विश्वास नव्हताच काय? होता; पण तो लढाईच्या दिवशी नव्हता आणि कोणाच्या छातीच्या रुंदीतही नव्हता. तो ऑक्टोबर १७६० मध्ये होता, आणि अवघ्या एका वाक्यात होता : ‘यमुनेस पूर आहे, अब्दाली उतरून येणार नाही.’ त्या महिन्यात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, विजयाचा आनंद झाला, कुरुक्षेत्राकडे पावले वळली. आणि खाली बागपताजवळ अब्दालीने उतार शोधून सैन्य पार केले. दिल्लीचा मार्ग तुटला. पुढील अडीच महिन्यांची उपासमार त्या उतारापासून सुरू झाली. नदीस पूर होता हे खरेच होते. पण ‘पूर आहे’ हे निरीक्षण होते, आणि ‘म्हणून तो येणार नाही’ हे अनुमान होते. निरीक्षणाचा भरवसा अनुमानास देऊन टाकला आणि उतारावर पुरेशी नजर राहिली नाही, हा तो दोष. लढाई जिंकली असती तरी हा दोष दोषच राहिला असता. नशिबाने झाकलेली चूक ही चूक नव्हे, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

येथे शब्दांचाही थोडा हिशोब केला पाहिजे. ‘अति’ या उपसर्गाने मोठा घोटाळा केला आहे. अति म्हटले की प्रमाण आले. मग एक शेर विश्वास चांगला, सव्वा शेर वाईट, अशी दुकानदारी सुरू होते, आणि ‘बाळ, आत्मविश्वास ठेव, पण जास्त ठेवू नकोस’ असा निरुपयोगी उपदेश जन्मास येतो. किती म्हणजे जास्त, हे उपदेशकासही ठाऊक नसते. आपला जुना शब्द ‘फाजील’ हा अधिक बोलका आहे. हा शब्द अरबीतून आला. उर्दूत विद्वानासही फाजिल म्हणतात. मराठीत मात्र तो आला तो हिशोबाच्या वाटेने, आणि जे बेताबाहेर गेले, ज्यास जमेचा आधार उरला नाही, त्यास फाजील म्हणण्याची रीत पडली. विद्वान आणि बेताबाहेरचा हे दोन अर्थ एकाच शब्दाच्या पोटी असावेत, ही गोष्ट समर्थांच्या पढतमूर्खाची आठवण करून देते. तात्पर्य हे की, फाजील विश्वास मोठा असतो म्हणून फाजील नसतो. त्याच्या मागे जमा नसते म्हणून तो फाजील असतो. मूठभर विश्वासही फाजील असू शकतो, आणि डोंगराएवढा विश्वासही रास्त असू शकतो. फरक मापाचा नाही, जातीचा आहे.

आमच्या या छत्तीसगढाच्या मातीशी जोडलेले एक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सांगितले जाते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर याने १७४१ च्या सुमारास बिलासपूरजवळचे रतनपूर हैहयांकडून घेतले आणि पुढे तो बंगालच्या स्वारीवर गेला. त्या स्वाऱ्यांत बंगाली रयतेने जे भोगले ते तेथील आया आजही अंगाईत गातात. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. आम्ही सांगतो ते १७४४ च्या वसंतातील. अलीवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी मनकऱ्याच्या छावणीत भेटीचे आमंत्रण दिले. भास्करराम आपल्या निवडक सरदारांसह तंबूत गेला, आणि तेथे त्या सर्वांची कत्तल झाली. दगा खानाने केला, याबद्दल वाद नाही. पण त्या सरदारांपैकी एक, रघूजी गायकवाड, तंबूत गेला नव्हता. तो छावणीत राहिला, आणि सेनापती गमावलेली फौज त्याने परत आणली.

आता सांगा, या दोघांत आत्मविश्वास कोणास अधिक होता? सभागृहातील पद्धतीने पाहिल्यास निर्भयपणे तंबूत शिरणारा भास्करराम. आम्ही म्हणतो, गायकवाड. सारे सहकारी तंबूकडे निघालेले असताना आपण मागे राहणे, ‘हा भ्याला’ असे कोणी म्हणेल याची तमा न बाळगणे, आणि नंतर सैरभैर झालेल्या फौजेस मुलूख पार करून आणणे, यास स्वतःवर जो भरवसा लागतो तो आरोळी ठोकणाऱ्या भरवशाहून खोल असतो. शंका हा आत्मविश्वासाचा शत्रू आहे असे ज्यांस वाटते त्यांनी गायकवाडाकडे पाहावे. शंका घेण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे, त्याच्यापाशीच आत्मविश्वास आहे.

यावर कोणी म्हणेल, मनास जेव्हा खात्री वाटते तेव्हा ती खरी की फाजील हे आतून कसे कळणार? आमचे उत्तर असे की, आतून कळतच नाही, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ तेथेच आहे. दोन्ही खात्र्या आतून सारख्याच लागतात. भिलाईकरांस हे समजावून सांगण्याची गरज नसावी. १२ जून २०१४ रोजी येथील कारखान्यात पाण्याच्या पंपगृहाशी बिघाड झाला, विषारी वायू पसरला आणि सहा जणांचे प्राण गेले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. त्या दुर्घटनेचा दोष कोणाचा, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. आम्ही फक्त त्या वायूचा स्वभाव सांगतो. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. नाक म्हणते, हवा स्वच्छ आहे. नाक खोटे बोलत नाही. त्यास ते कळण्याची सोयच नाही. म्हणून अशा जागी जाणारा जाणता कामगार स्वतःच्या नाकावर विसंबत नाही, तो वायुमापक यंत्र जवळ बाळगतो. त्याने यंत्र बाळगले म्हणजे त्याचा आत्मविश्वास कमी झाला, असे कोणी म्हणेल काय? ‘मला खात्री वाटते’ हे नाकाचे बोलणे आहे. त्यास यंत्राची जोड मिळाली तर तो आत्मविश्वास. यंत्रास घरी ठेवले तर तो फाजील विश्वास. त्या दिवशी हवेत वायू होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा.

याच कारखान्यात आगगाडीचे रूळ तयार होतात. तयार झालेला रूळ दिसावयास निर्दोष असतो. तरीही त्याच्या पोटात श्रवणातीत ध्वनिलहरी सोडून आत कोठे चीर आहे काय हे पाहतात, आणि मगच तो बाहेर पडतो. आपण रात्री गाडीत निर्धास्त झोपतो तो भरवसा त्या तपासणीतून आलेला आहे. मनुष्याचा आत्मविश्वासही असाच रूळ आहे. जो आपल्या मतावर दुसऱ्यास हातोडी मारून पाहू देतो त्याचाच विश्वास भार सोसतो.

निकालावर विसंबणाऱ्यांस आणखी एक दाखला देतो. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर सत्तरएक सेकंदांत फुटले आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्या जातीच्या यानांचे ते पंचविसावे उड्डाण होते. सांध्यांतील रबरी कड्या झिजतात हे आधीच्या उड्डाणांत दिसले होते; पण यान सुखरूप परतले, म्हणून झीज सोसण्याजोगी मानली गेली. चौकशी मंडळातील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांस असे आढळले की, अपघाताचा संभव व्यवस्थापक लाखांत एक मानीत होते, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरांत एक मानीत होते. वक्त्यांच्या न्यायाने चोवीस वेळा तो आत्मविश्वास होता आणि पंचविसाव्या वेळी अकस्मात अतिआत्मविश्वास झाला! खरे पाहता तो पहिल्यापासून फाजीलच होता. यशाने त्यास उघडे पाडले नाही, उलट पोसले. फाजील विश्वासाचे सर्वांत पौष्टिक खाद्य म्हणजे यश होय, ही गोष्ट विजयाचे मंत्र विकणारे कधी सांगत नाहीत.

आम्ही इतरांच्याच चुका सांगतो असे होऊ नये, म्हणून आमची एक सांगतो. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. ३१ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याच्या शिल्लक रजेच्या रोखीकरणाचे बिल आमच्या टेबलावर होते. मूळ वेतन ५०,५०० रुपये, रजा ३०० दिवस. महागाई भत्त्याचा दर आम्ही आठवणीतून २८ टक्के घातला. जुलै २०२१ पासून २८ टक्के झाला होता, हे आम्हांस लख्ख आठवत होते. आमच्याहून नवख्या सहकाऱ्याने हळूच म्हटले, “साहेब, ऑक्टोबरात ३१चा आदेश आला होता, आणि तोही जुलैपासूनच.” आम्ही त्यास म्हणालो, “दहा वर्षे बिले करतो आहोत. तुम्ही आपले काम पाहा.” तो बिचारा गप्प बसला, पण दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत त्याने आमच्या टेबलावर ठेवली. बिल तसेच गेले असते तर त्या गृहस्थांस १५,१५० रुपये कमी मिळाले असते, आणि ग्रॅच्युइटीतील तूट निराळी. आमच्या मनातील खात्री पहिल्या क्षणी आणि शेवटच्या क्षणी सारखीच होती. त्या सहकाऱ्यापाशी कागद होता, आमच्यापाशी केवळ दहा वर्षे होती. आणि आम्ही त्यास गप्प बसविले, हे दर चुकण्याहूनही वाईट झाले. चूक दुरुस्त होण्याचे दार आम्ही स्वहस्ते लावून घेतले होते. त्याने ते पुन्हा ठोठावले, हा त्याचा मोठेपणा.

तेव्हा सभागृहातील त्या मुलास द्यावयाचे उत्तर आम्ही असे देऊ : बाळ, स्वतःस एकच प्रश्न विचार. ‘मी चुकत असेन, तर ते मला कोठून आणि केव्हा कळेल?’ ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याने आभाळास हात लावण्याची भाषा केली तरी आम्ही त्यास फाजील म्हणणार नाही. ज्यास हा प्रश्नच अपमानास्पद वाटतो, त्याने विनयाने मान खाली घातली असली तरी त्याचा विश्वास फाजील आहे. आणि हे निकाल लागण्यापूर्वी ओळखता येते, निकालाची वाट पाहावी लागत नाही. वक्त्यांचा सिद्धांत कोसळतो तो येथे.

आक्षेप येईल की अशी चिकित्सा करीत बसलो तर साहस कोण करील? १९५५ साली दुर्गच्या या माळावर वर्षास दहा लाख टन पोलाद काढण्याचा करार रशियाशी झाला, तेव्हा ती उडी नव्हती काय? होतीच. पण त्या उडीच्या मागे काय होते ते पाहा. ‘आपणांस येते’ असे म्हणून कोणी भट्टी पेटविली नाही. आपले तरुण अभियंते रशियात शिकावयास गेले, परक्या भाषेतील नकाशे समजून घेतले, येथे आलेल्या तज्ज्ञांस प्रश्न विचारले. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आपणांस येत नाही हे ज्यांस ठाऊक होते, त्यांनी ते करून दाखविले. डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रूगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच उलट बाजूने दिसले. तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्यांत जे तळाशी होते, शंभरांत सरासरी बाराजणांच्याच पुढे होते, ते स्वतःस बासष्टजणांच्या पुढे समजत. परंतु त्यांपैकी काहींस तर्क शिकविल्यावर त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज ताळ्यावर आला. म्हणजे औषध विनयाचा उपदेश हे नव्हे. औषध शिक्षण हे होय.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरोखर लेखणी उचलली तिच्याकडे येतो. आम्हां महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींपाशी एक यमुना आहे, आणि ‘ती कोणी उतरणार नाही’ असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले आहे. ते वाक्य असे : ‘घरी मराठी बोलतो ना, मुलांस मराठी येणारच.’ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात दर्जा दिला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते, हा आकडा आम्ही अभिमानाने घोकतो; पण देशाच्या लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण २००१ मधील ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ वर आले, हा त्याच जनगणनेतील आकडा कोणी घोकत नाही. त्यात भिलाईसारख्या ठिकाणी एक विशेष धोका आहे. हिंदीची आणि मराठीची लिपी एक. मद्रासेतील वा कलकत्त्यातील मराठी मूल मराठी पुस्तक उघडताच अडखळते आणि आईबाप सावध होतात. आमचे मूल अडखळत नाही. ते घडाघडा वाचते, आणि आम्ही निर्धास्त होतो. वास नसलेला वायू तो हाच.

दिवाळीपूर्वी वर्ध्याहून आमच्या मातोश्रींचे पत्र आले. आमच्या आठ वर्षांच्या कन्येने ते न अडखळता मोठ्याने वाचले. तेवढा ‘ळ’चा ‘ल’ होत होता, तो आम्ही कौतुकाने सोडून दिला. पत्रात शेजारच्या खोडकर मुलास शाळेत शिक्षा झाल्याचा मजकूर होता. सहज विचारले, “काय झालं ग त्याला?” ती म्हणाली, “त्याला शिक्षा मिळाली, म्हणजे तो शिकायला लागला ना, बाबा?” आम्ही प्रथम हसलो. मग ‘चेष्टा’ विचारले. ती म्हणाली, प्रयत्न. ‘राजीनामा’ विचारला, तो तिने कधी ऐकलाच नव्हता. ज्या पत्राच्या वाचनाने आम्ही क्षणापूर्वी फुललो होतो, त्यातील आजी तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

हिंदी शिकल्याने हे घडले असे म्हणून आम्ही हिंदीवर रोष धरणार नाही. याच छत्तीसगढातील पेंड्र्याहून माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि त्यांनीच दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांस दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून एकीतून दुसरीत त्यांस ओझे वाहता आले. आमची मुले दोन्हींच्या मधल्या उतारावर उभी आहेत, आणि उतारावर पहारा नाही.

म्हणून आमची आपणांस विनंती एवढीच की, येत्या रविवारी आपापल्या मुलांपुढे मराठीचे एक पान ठेवा. ते घडाघडा वाचील. तेवढ्यावर टाळी वाजवू नका. त्यास अर्थ विचारा. उत्तर बरोबर आले तर आपला विश्वास रास्त होता, आणि आता तो तपासलेलाही आहे. चुकले तर लाज वाटण्याचे कारण नाही. उतार कोठे आहे ते कळले, एवढेच. आमच्या घरी दर रविवारी आजीचे जुने पत्र निघते, आणि ‘ळ’ सोडून दिला जात नाही. पुढील गणेशोत्सवात वक्ते कोणीही येवोत. त्या मुलाचा प्रश्न पुन्हा निघाला, तर टाळ्या वाजविण्यापूर्वी आम्ही उभे राहून आणखी एक प्रश्न विचारणार आहोत.